‘माझी’ म्हणजे कोणाची? : गीतरत्न वाचताना

(ख्रिस्ती महिलांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘पवित्र शास्त्रातील प्रेम’ असा विषय छापला आहे. विषय फार मोठा आहे आणि वेळ जेवणाच्या आधीची आहे. म्हणून मी एकाच शब्दाबद्दल बोलणार आहे. तो शब्द आहे ‘माझी’.

काही वर्षांपूर्वी आमच्या समुपदेशन केंद्रात एक बाई आल्या. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या, दोन मुलांची आई. नवरा रात्रपाळीला जाताना घराला बाहेरून कडी घालायचा. मारहाण रोजची नव्हती, पण कडी रोजची होती. घरात आग लागली असती तर मुलांना घेऊन बाहेर पडायला वाट नव्हती. त्या नवऱ्याला विचारायच्या, “असं का करता?” तो म्हणायचा, “तू माझी आहेस म्हणून.” त्याच्या मते हे प्रेमच होतं. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांकडे त्या गेल्या, तेव्हा त्यांना पत्नीने पतीच्या अधीन असावं हे वचन काढून दाखवलं गेलं. त्याच पत्रात त्या वचनाच्या आधी एकमेकांच्या अधीन व्हा असं सांगितलंय, ते मात्र कोणी वाचलं नाही.

त्या बाईंनी मला विचारलं, “ताई, या पुस्तकात माझ्या बाजूनं काहीच लिहिलेलं नाही का?”

मला उत्तर देता आलं नाही. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात घरभेट कशी द्यायची, केस कशी नोंदवायची, पोलीस ठाण्यात कोणाशी काय बोलायचं हे आम्हांला शिकवलं होतं. बाईच्या गळ्याशी पुस्तक धरलं गेलं तर काय करायचं, हे शिकवलं नव्हतं. मी ख्रिस्ती घरात वाढले, आमच्याकडे रोज संध्याकाळी वाचन व्हायचं. पण ज्या पुस्तकात तिच्या प्रश्नाचं उत्तर आहे असं आज मला वाटतं, ते गीतरत्न आमच्या घरात कधी मोठ्यानं वाचलं गेलं नाही. स्तोत्रसंहिता व्हायची, नीतिसूत्रं व्हायची, आणि मग पानं उलटून थेट यशया. मधलं काय ते मुलींनी विचारायचं नसे. त्या बाई आल्यानंतर मी भाष्यं आणि कोश घेऊन बसले. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यासमोर ठेवते.

आधी अडचणीची बाजू सांगते, कारण ती लपवून आपल्याला पुढे जाता येणार नाही. जुन्या कराराच्या हिब्रू भाषेत नवऱ्यासाठी एक शब्द आहे, ‘बआल’. त्याचा दुसरा अर्थ मालक. बैलाचा मालक आणि बाईचा नवरा, दोघांना हाच शब्द. निर्गमच्या विसाव्या अध्यायातली दहावी आज्ञा आठवा. शेजाऱ्याच्या कशाकशाचा लोभ धरू नये याची तिथे यादी आहे. आधी घर, मग बायको, मग दास, दासी, बैल, गाढव. बायको मालमत्तेच्या यादीत बसली आहे. आपण हसायचं कारण नाही. आपल्या भाषेत आजही बायका नवऱ्याला ‘आमचे मालक’ म्हणतात, ‘धनी’ म्हणतात. ‘पती’ या संस्कृत शब्दाचा अर्थही स्वामी असाच आहे. तीन हजार वर्षं आणि दोन वेगळ्या भाषाकुळं ओलांडून हा एक विचार मात्र सारखाच राहिला.

या शब्दाला पवित्र शास्त्रातच एका कवीनं हात घातला आहे. तो म्हणजे होशेय संदेष्टा. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात, इस्राएलच्या उत्तरेकडच्या राज्यात तो होऊन गेला. देव आणि त्याची प्रजा यांचं नातं त्यानं नवराबायकोच्या रूपकातून मांडलं. दुसऱ्या अध्यायात देव त्या प्रजारूपी पत्नीला सांगतो की, यापुढे तू मला ‘माझा बआल’ म्हणणार नाहीस, ‘माझा पुरुष’ म्हणशील. बआल हे कनानी देवाचंही नाव होतं, तेव्हा त्यात धार्मिक वाद आहेच. पण मालक हा शब्द जाऊन माणूस हा शब्द आला, ही गोष्ट लहान नाही. न्याय, दया, विश्वासूपणा यांनी हे नातं बांधलं जाईल असंही तिथे पुढे येतं. धर्मोपदेशांतून हा भाग आपण अनेकदा ऐकलेला असतो.

त्याच अध्यायाचा आधीचा भाग मात्र सहसा ऐकवला जात नाही. तिथे हाच नवरा तिला उघडं करण्याची, तिची वाट काट्यांनी अडवण्याची, तिचं अन्न आणि वस्त्र काढून घेण्याची धमकी देतो. आणि लगेच पुढे तिला रानात नेऊन गोड बोलून तिचं मन वळवण्याची भाषा येते. केंद्रात बसणाऱ्या कोणालाही हा क्रम ओळखीचा वाटेल. आधी कोंडणं, मग मार, मग साडी आणि मिठाई. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय अभ्यासक रेनिता वीम्स यांनी १९९५ साली संदेष्ट्यांच्या अशा रूपकांवर एक पुस्तकच लिहिलं. देवाला मारकुट्या नवऱ्याच्या जागी बसवलं की घरातल्या मारकुट्या नवऱ्याला देवाची जागा मिळते, हा त्यातला धोका आपण ओळखायला हवा. होशेयनं शब्द बदलला, पण हातातली काठी सोडली नाही.

आता गीतरत्नाकडे येऊ. आठ अध्याय, ११७ ओव्या. माथ्यावर शलमोनाचं नाव आहे, पण बहुतेक अभ्यासक त्याला या गीतांचा कर्ता मानत नाहीत. ही प्रेमगीतं आहेत. एक मुलगी, एक मुलगा आणि मधूनमधून यरुशलेमेच्या मुलींचा मेळा. सुरुवात तिच्या आवाजानं होते आणि शेवटही तिच्याच आवाजानं होतो. मध्येही अर्ध्याहून अधिक बोलणं तिचं आहे. सगळ्या पवित्र शास्त्रात बाईला इतकं सलग बोलू देणारी दुसरी जागा मला सापडलेली नाही. या गीतांत आईचा उल्लेख सात वेळा येतो, बापाचा एकदाही नाही. तो तिला नवरी म्हणतो, पण देण्याघेण्याची बोलणी नाहीत, मुलगा व्हावा हा आशीर्वाद नाही.

या गीतांत एक विचार तीन वेळा येतो, आणि तिन्ही वेळा तो तिच्याच तोंडी आहे. दुसऱ्या अध्यायात ती आधी सांगते की सखा आपला आहे, आणि मग आपण त्याच्या आहोत. सहाव्या अध्यायात क्रम उलटा होतो, आधी आपण त्याच्या आणि मग तो आपला. सातव्या अध्यायात ती आपण त्याच्या असल्याचं सांगते आणि पुढे म्हणते की त्याची ओढ आपल्याकडे आहे.

हिब्रूत हे वाक्य क्रियापदाशिवाय येतं. शब्दाला शब्द ठेवायचा तर ‘तो मला, मी त्याला’ असं काहीसं होईल. आता आपली मराठी बघा. ‘माझ्याकडे सायकल आहे’ असं आपण म्हणतो. पण ‘माझ्याकडे बहीण आहे’ असं म्हटलं तर बहीण पाहुणी आली आहे असा अर्थ होतो. नातं सांगायचं तर आपण ‘मला बहीण आहे’ म्हणतो. वस्तू असते ‘माझ्याकडे’, माणूस असतं ‘मला’. अक्षर न शिकलेली बाईसुद्धा हा फरक चुकत नाही. भाषेला जे कळतं ते कडी घालणाऱ्या हाताला कळत नाही. ‘तू माझी आहेस’ असं म्हणताना त्या नवऱ्याच्या मनात ‘माझ्याकडे बायको आहे’ असं वाक्य होतं. गीतरत्नातली मुलगी दुसरं वाक्य बोलते, आणि ते दोन्ही बाजूंनी बोलते. सायकल कधी उलटून म्हणत नाही की हा मालक माझा आहे. ‘माझा’ हा शब्द दोघांना सारख्याच हक्कानं उच्चारता येतो का, ही पहिली कसोटी.

तिसऱ्या वेळेला जो ‘ओढ’ हा शब्द आला, तिथे थोडं थांबायला हवं. मूळ शब्द आहे ‘तशूका’. हिब्रू शास्त्रात तो फक्त तीन ठिकाणी आढळतो. पहिला उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात. एदेन बागेतून बाहेर पडण्याच्या वेळी हव्वेला सांगितलं जातं की तिची ओढ नवऱ्याकडे राहील आणि तो तिच्यावर सत्ता चालवील. दुसरा पुढच्याच अध्यायात, काईनाच्या दाराशी टपून बसलेल्या पापाबद्दल. आणि तिसरा इथे. १९७८ साली फिलिस ट्रिबल या अमेरिकन अभ्यासिकेनं हे दोन्ही भाग शेजारी ठेवून वाचले. तिच्या मांडणीनुसार गीतरत्न ही जणू पुन्हा गवसलेली बाग आहे. बागेतून निघताना ओढ होती एकट्या बाईची आणि तिच्या डोक्यावर सत्ता होती पुरुषाची. गीतरत्नात ओढ त्याची आहे, तिचीही आहे, आणि सत्तेचा शब्दच गळून पडला आहे.

उत्पत्तीतलं ते वाक्य आपल्याला किती वेळा ऐकवलं गेलं याचा हिशेब करा. बाळंतपणाच्या कळांपासून नवऱ्याच्या हुकमापर्यंत सगळं त्या एका वाक्यावर टांगलेलं असतं. त्याच शब्दाची दुसरी बाजू सांगणारं वाक्य त्याच पुस्तकात आहे, हे आपल्यापैकी किती जणींना कोणी सांगितलं?

आता दाराची गोष्ट. पाचव्या अध्यायात तो रात्री तिच्या दाराशी येतो, हाका मारतो. ती अंथरुणात आहे, उठायला आळस करते. तो कडीपर्यंत हात नेतो. पण दार तोडत नाही, आरडाओरडा करत नाही. तिनं उघडलं नाही म्हणून तो परत जातो. त्या कवितेत कडी आतून आहे आणि ती काढायची की नाही हे तिच्या हातात आहे. केंद्रातल्या बाईंची कडी बाहेरून होती. माझ्या दृष्टीनं प्रेम आणि कब्जा यांतला फरक एवढ्या एका कडीत मावतो.

या गीतांत तीन ठिकाणी, जवळजवळ त्याच शब्दांत, ती यरुशलेमेच्या मुलींना शपथ घालते की प्रेमाला त्याची स्वतःची इच्छा होण्याआधी जागं करू नका. आज आपण ज्याला संमती म्हणतो त्याच्या किती जवळची ही गोष्ट आहे. ‘नाही’ म्हणणाऱ्या मुलीच्या मागे लागणं, तिच्या नकाराचा सूड घेणं यालाही आपल्याकडे ‘एकतर्फी प्रेम’ असं नाव देतात. बातम्यांत तोच शब्द छापतात. या मुलीच्या व्याख्येत ते प्रेम बसत नाही.

हे सगळं एखाद्या स्वप्नातल्या राज्यात घडतं असं मात्र समजू नका. तिच्याभोवतीचा समाज आपल्यासारखाच आहे. भाऊ तिच्यावर संतापलेले आहेत, त्यांनी तिला द्राक्षमळ्यांच्या राखणीला लावलंय. उन्हात राबून ती काळी पडली आहे. आपला काळा रंग आणि आपलं देखणेपण ती एका दमात सांगते. मधलं हिब्रू अव्यय ‘आणि’ असंही वाचता येतं, ‘पण’ असंही. लॅटिन भाषांतरानं ‘पण’ निवडलं, आणि पुढे कित्येक शतकं ती काळी असूनही सुंदर ठरली. मुली दाखवण्याच्या कार्यक्रमात हा ‘पण’ आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. शेवटच्या अध्यायात धाकट्या बहिणीची चर्चा चालते, ती तटबंदी असेल तर असं करू, दरवाजा असेल तर फळ्या ठोकून बंद करू. आणि सख्याला शोधायला ती रात्री बाहेर पडते तेव्हा नगराचे पहारेकरी तिला मारतात, जखमी करतात, तिच्या अंगावरचं वस्त्र ओढून घेतात. रात्री बाहेर दिसलेली बाई म्हणजे काय, याचा निकाल तेव्हाही पहारेकऱ्यांनी आधीच लावलेला होता.

अशा जगात राहून ती ‘मी त्याची’ म्हणते. हे म्हणण्याचं बळ तिला कुठून मिळतं? याचं उत्तर मला द्राक्षमळ्यात सापडलं. पहिल्या अध्यायात ती खंत करते की दुसऱ्यांचे मळे राखताना आपला स्वतःचा मळा राखायचा राहून गेला. शेवटच्या अध्यायात शलमोनाच्या मोठ्या मळ्याचं वर्णन येतं, एकेका राखणदाराकडून हजार रुपये येणारा तो मळा. आणि त्याला उत्तर येतं की तुझे हजार तुलाच लखलाभ, माझा मळा माझ्यासमोर आहे. हे उत्तर तिचं की त्याचं, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण ‘माझा स्वतःचा मळा’ हा शब्दप्रयोग पहिल्या अध्यायात तिच्याच तोंडी आलेला आहे. म्हणून हे उत्तरही तिचंच आहे असं मानणाऱ्या वाचकांच्या बाजूनं मी आहे. शलमोनाला सातशे राण्या आणि तीनशे उपपत्नी होत्या असं राजांच्या पहिल्या पुस्तकात लिहिलंय. बेरीज करा, हजार होते. ज्याच्याकडे हजार बाया आहेत, त्याला ही एक मुलगी सांगते की माझा मळा माझा आहे.

आधी मी माझी, मग मी त्याची. जी स्वतःची नाही ती कोणाला स्वतःला देणार? तिला फक्त नेता येतं. या गीतांतली निष्ठा इतकी उत्कट आहे की ती प्रेमाला मृत्यूच्या तोडीचं बळ देते, पुराच्या पाण्यानंही ते विझणार नाही म्हणते. आणि त्याच ओघात असंही म्हणते की घरातलं सगळं धन ओतून कोणी प्रेम विकत घ्यायला निघाला तर त्याची छी थू होईल. हुंड्याच्या बैठकीत ही ओवी कोणी वाचून दाखवावी असं मला फार वाटतं.

इथे एक आक्षेप येईल. तिथेच ईर्ष्येचाही उल्लेख आहे, अधोलोकासारखी कठोर ईर्ष्या. मग संशयी नवऱ्याला आधार मिळत नाही का? माझं म्हणणं असं की त्या ओळी तिच्या तोंडच्या आहेत. ती स्वतःच्या मनातल्या आगीबद्दल बोलते, कोणाला कोंडण्याचा अधिकार मागत नाही. आग असणं वेगळं आणि दुसऱ्याच्या अंगावर रॉकेल ओतणं वेगळं.

मग इतकी शतकं हे पुस्तक आपल्यापासून दूर का राहिलं? विद्वानांनी ते टाकून दिलं नाही. दुसऱ्या शतकात अकीवा या यहुदी गुरूनं साऱ्या पवित्र लेखांत यालाच परमपवित्र मानलं. बाराव्या शतकात क्लेरव्होच्या बर्नार्ड या मठाधिपतीनं त्यावर ८६ प्रवचनं लिहिली आणि ती तिसऱ्या अध्यायाच्या आरंभापर्यंतच पोचली. पण दोघांच्याही परंपरेत मुलगी म्हणजे प्रजा किंवा मंडळी किंवा आत्मा, आणि सखा म्हणजे देव. त्या वाचनातही मोठी भक्ती आहे, मी ती कमी लेखत नाही. फक्त त्या रूपकात खरी बाई अदृश्य झाली. लुईस दे लेओन या स्पॅनिश कवी-पंडितानं एका जोगिणीसाठी हे पुस्तक लोकभाषेत आणलं. इतर आरोपांबरोबर याही कारणानं धर्मन्यायालयानं त्याला १५७२ ते १५७६ तुरुंगात ठेवलं. आविलाच्या तेरेसानं आपल्या मठातल्या बहिणींसाठी याच गीतांच्या काही ओळींवर चिंतन लिहिलं. बाईनं यावर लिहू नये म्हणून तिच्या धर्मगुरूनं ते जाळायला सांगितलं. तिनं जाळलं. पण त्याआधीच त्याच्या नकला झाल्या होत्या. त्यामुळे ते वाचलं आणि १६११ साली छापलं गेलं.

आपल्याकडे तर याहून मोठी गोष्ट घडली. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं पवित्र शास्त्र मराठीत आणलं, साध्या बायकांना कळावं म्हणून सोप्या मराठीत. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ साली ते प्रसिद्ध झालं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये खिळे जुळवण्यापासूनची कामं तिथल्या बायकांनी केली. त्यांत टाकलेल्या होत्या, विधवा होत्या, दुष्काळातून आलेल्या होत्या. म्हणजे गीतरत्नाचे शब्दही अशा बायकांच्या बोटांतून गेले आहेत. हे पुस्तक बायकांच्या हातचं नाही असं आता कोणी आपल्याला सांगू नये.

शेवटी एक सूचना. लग्नाआधी तरुण जोडप्यांसाठी जे वर्ग होतात, तिथे उत्पत्तीचा तिसरा अध्याय वाचला जात असेल तर त्याच बैठकीत गीतरत्नाचा सातवाही वाचला जावा, असा आग्रह आपण धरू या. मुलाला आणि मुलीला दोघांनाही तीन प्रश्न विचारा. ‘माझा’ किंवा ‘माझी’ हा शब्द दोघांना सारखा म्हणता येतो का? दाराची कडी कोणाच्या हातात आहे? आणि लग्नानंतर तुझा स्वतःचा मळा, म्हणजे तुझं काम, तुझे पैसे, तुझं आईचं घर, तुझा वेळ, तुझ्याकडे राहणार आहे का?

त्या बाईंचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. त्यांनी घर सोडलं नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली त्यांनी अर्ज केला, आणि कोर्टाच्या आदेशानं बाहेरची कडी बंद झाली. पगाराचं खातं त्यांनी स्वतःच्या नावावर उघडलं. पुढच्या भेटीत मी त्यांना गीतरत्नाची ती पानं दाखवली. त्यांनी बोट ठेवून सावकाश वाचलं आणि विचारलं, “हे आधीपासून यातच होतं?”

मी म्हटलं, “हो, आधीपासून.”

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “मग त्या दिवशी त्यांनी दुसरंच पान का काढलं?”

हा प्रश्न मी तुमच्याकडे ठेवून जाते. आपापल्या मंडळीत परत गेल्यावर तो विचारा.